रुमालाखालची पाच बोटं

त्या वर्षी आमच्या घरात ताकातही कापूस निघायचा. माय ताकाचा पेला पुढे करण्याआधी वर तरंगणारा तंतू बोटाने उचलायची आणि लुगड्याच्या काठाला पुसायची, जणू ते ताक करण्यातलंच एक काम होतं. अमरावतीच्या परकोटाबाहेर कापसाचा बाजार भरायचा, तिथून तो उडून यायचा. अंथरुणावर, देवांवर, तुळशीच्या मंजिऱ्यांवर बसायचा. सातासमुद्रापलीकडे एका देशाचे दोन भाग आपसात लढत होते, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि म्हणून आमच्या काळ्या मातीतलं बोंड एकाएकी सोन्याचं झालं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. पहाटेपासून गाड्यांची चाकं करकरायची, सरकी काढणारे रेचे कुरकुरायचे, पिंजाऱ्याची धुनकी वाजायची. आणि या सगळ्या आवाजांमध्ये आमच्या घरचा एक आवाज वेगळा होता. माझा थोरला भाऊ माधव, आमचा दादा, ओसरीवर येरझारा घालत कायद्याची कलमं मोठ्याने पाठ करायचा.

बाळांनो, तुम्ही रंगूनहून दर पत्रात विचारता, की आजी, तुझ्या वेळी मुली शाळेत जात नसत, मग तू इंग्रजी कुठे शिकलीस? मी दर वेळी लिहिते, घरीच शिकले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आता हात थरथरायला लागला आहे, तेव्हा पुरतं उत्तर देऊन टाकते. मी इंग्रजी सूड घेण्यासाठी शिकले.

आमचं मूळ गाव अंजनगाव सुर्जीकडचं. तिथे आमची जमीन होती, आणि आबा, म्हणजे माझे वडील, दर हंगामात कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला यायचे. बाजारात आमचा दलाल घरचाच होता, आबांचा चुलतभाऊ, रघूकाका. दोघं एका ताटात जेवलेले. तेव्हा बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल शेतकऱ्याचा हात हातात घ्यायचा, वरून रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं दाबून व्यापाऱ्याचा भाव सांगायचा. शेतकऱ्याने मान हलवली की सौदा झाला. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नसे, आणि कळू नये म्हणूनच तो रुमाल होता. त्याआधी दोन-तीन वर्षं, एका हंगामात रघूकाकाने आबांच्या हातात पाच बोटं दाबली. आबांनी मान हलवली. कापूस उतरला, वखारीत गेला, दुसऱ्यांच्या कापसात मिसळला, आणि मग रघूकाका म्हणाला, चार.

आबा रागीट नव्हते, पण त्या दिवशी भर बाजारात ओरडले. पंच बसले. आबा म्हणाले पाच, काका म्हणाला चार, आणि रुमालाखालचं पाहिलेला तिसरा कोणी असणंच शक्य नव्हतं. तेव्हा पंचांनी दोघांना देवळासमोर शपथेचा बेलभंडार उचलायला सांगितला. भाऊ देवासमोर खोटं बोलेल, असं आबांना वाटलं नाही. ते म्हणाले, "आधी रघू उचलू दे. त्यानं उचलला तर मले काई म्हननं नाई." काकाने हात पुढे केला, बेलाचं पान आणि भंडार तळव्यावर घेतला आणि म्हणाला, "चारच दाबली." आबांनी दिलेला शब्द पाळला. ते काहीच म्हणाले नाहीत, आणि न म्हटल्यामुळे खोटे ठरले. त्या दिवसानंतर अमरावतीच्या बाजारात एकाही दलालाने आबांच्या हातावर रुमाल टाकला नाही. सौदा करून शब्द फिरवणारा माणूस, असं त्यांचं नाव झालं. पुढे त्यांनी शेती वाट्याने दिली, आम्हाला घेऊन अमरावतीत भाड्याच्या घरात आले, आणि ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसू लागले. उजवा हात उपरण्याखाली असायचा. नीट पाहिलं की उपरणं हलताना दिसायचं. ते स्वतःचीच बोटं एकेक करून दाबत असायचे. पाच. पुन्हा पाच.

दादा वकील व्हायला निघाला तो यासाठी. तो कोणाला तसं सांगत नसे. विचारलं तर म्हणायचा, वकिलीत मान आहे. पण मला माहीत होतं. त्याच्या मनात एक दिवस ठरलेला होता. त्या दिवशी रघूकाका कचेरीत साक्षीच्या पिंजऱ्यात उभा असेल, अंगावर काळा झगा घातलेला दादा त्याच्यासमोर असेल, आणि दादा विचारेल, किती बोटं? मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते. लग्न झालेलं होतं, पण सासरी पाठवणी व्हायची होती. एरवी माझ्या वयाच्या मुली सागरगोटे खेळत. मी मनात पिंजरा सारवून, पुसून, तयार ठेवत असे.

वकिलीच्या वर्गाचं ते शेवटचं वर्ष. परीक्षा वैशाखात, अकोल्याच्या कचेरीत व्हायची. वर्ग एका सेवानिवृत्त मास्तरांच्या घरी भरायचा. ते पुण्याकडचे होते आणि आमच्या बोलण्याला हसायचे. "'मले' नव्हे हो देशमुख, 'मला'! न्यायाधीश काय तुमच्या शेतावर आलाय?" असं ते दादाला म्हणत. घरी येऊन दादा त्यांची नक्कल करायचा आणि माय पदर तोंडात धरून हसायची. वर्गात पाच विद्यार्थी होते आणि कायद्याचं इंग्रजी पुस्तक एकच. ते पाळीपाळीने दोन-दोन दिवस प्रत्येकाच्या घरी जायचं. पाळीच्या दोन दिवसांत जेवढं उतरवून होईल तेवढं आपलं. दादाचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेला उकिरडा. दुसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच लागत नसे. माझं अक्षर नीट होतं. मी भाकरीही गोल थापायची आणि रांगोळीचे ठिपकेही मोजून ठेवायची. एकदा दादा वैतागून म्हणाला, "यमुने, तू अशीच ही नक्षी काढत जा. समजाची गरज नाई. फक्त नक्कल कर." तशी मी इंग्रजी लिहू लागले, रांगोळीसारखी. मग नकलेत चुका व्हायला लागल्या, म्हणून दादाने अक्षरं शिकवली. अक्षरं आली तरी शब्द तुटायचे, म्हणून शब्द शिकवले. वर्ष संपत आलं तेव्हा तो पाठ म्हणायचा आणि पुस्तक माझ्या हातात असायचं. तो अडला की पुढचा शब्द मी सांगायची.

ते दिवस आठवले की अजून उन्हाचा वास येतो. दादा डोक्यावर ओला पंचा टाकून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. आत माय जात्यावर बसलेली. चालता चालता त्याची कलमं जात्याच्या लयीत पडायची आणि मायही गुणगुणायला लागायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण चोरीची, दग्याची, घरफोडीची कलमं तिला शिक्षेसकट पाठ झाली होती. एकदा माळीण वांगी द्यायला आली तेव्हा तळाला किडकी निघाली. माय म्हणाली, "वरतं चांगली न् खालतं किडकी! हा दगा व्हय. याले सात वर्सं हायेत." माळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सात वर्सं? अवं बाई, वांग्यासाठी सात वर्सं असतीन, तं कापसावाल्यायले काय फाशी हाय काय?" आम्ही सगळे हसलो. घोंगडीवर आबा मात्र हसले नाहीत.

दुपारी जवसाची चटणी, अंबाडीची भाजी आणि भाकर. जेवणं झाली की आम्ही सरगुंडे करायला बसायचो. भिजवलेल्या रव्याची बारीक दोरी काडीला गुंडाळायची, काडी अलगद काढून घ्यायची, पोकळ सरगुंडा उन्हात वाळवायचा. आंबे उतरले की रसाबरोबर खायचा. माझी बोटं काडीवर चालायची आणि कान दादाकडे असायचे. खोट्या साक्षीचं कलम आलं की तो हमखास अडायचा. पाठ नव्हतं म्हणून नव्हे. आवाजच निघत नसे. मी ते त्याच्यासाठी पुरं करायची. माझ्या नकलेच्या वहीत मागच्या पानांवर मी काकाला विचारायचे प्रश्न लिहून ठेवले होते, आकडे घालून. तुम्ही कोणत्या हातात बेल घेतला? तेव्हा आबांकडे पाहिलंत का? रात्री जेवलात का? असे एकोणीस झाले होते. सणावाराला रघूकाकाकडून फराळ यायचा, कारण लोकांना दाखवायला त्याने नातं तोडलं नव्हतं. तो मी शेजारच्या शेळीपुढे टाकायची आणि शेळी खाताना उभी राहून पाहायची. एकदा तिने काकाच्या घरची करंजी हुंगून सोडली, तेव्हा मला वाटलं, हिला तरी खरं कळतं.

परीक्षेला महिना राहिला आणि मास्तरांनी एक नवी गोष्ट सांगितली. अर्जासोबत चालचलणुकीचे दोन दाखले लागतात, इंग्रजीत, कारण ते साहेबापुढे जातात. एक शिक्षकाचा. दुसरा गावातल्या प्रतिष्ठित माणसाचा, की मुलगा चांगल्या, खऱ्या माणसांच्या घरचा आहे. दुसऱ्या दाखल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही. दादा अमरावतीत पंधरा दिवस फिरला. कोणी म्हणालं, पुढच्या आठवड्यात ये. कोणी म्हणालं, तू पोरगा चांगला हायेस बाप्पा, पन घरचं लिहायचं म्हनजे... आणि वाक्य तिथेच सोडलं. रघूकाकाचा बाजारात वचक होता, त्याने खोटं ठरवलेल्या माणसाला खरं लिहून कोण देणार? दादा संध्याकाळी परत यायचा, पाय धुवायचा आणि येरझारा सुरू करायचा. पण आता त्याच्या पाठात दम नव्हता.

मग एक दिवस काकाच दारात. सोबत टोपलीभर पाडाचे आंबे. "ऐकलं म्या," तो म्हणाला. "पोट्टं दारोदार फिरून राह्यलं. काहून? मी मेलो काय? घरचं पोट्टं वकील होते म्हनजे माहीच इज्जत हाय ना. दाखला मी देतो." मग आबांकडे पाहत, जरा आवाज चढवून म्हणाला, "फक्त सही माह्या गादीवर होईन. चार मानसं बसली असतीन तवा. न् माधवनं माह्या पाया पडून ते घ्यावं. जुनं सारं मिटलं असं लोकायले दिसलं पाह्यजे." आबांचं उपरणं हलायचं थांबलं. ते दादाला म्हणाले, "घे." एवढंच. काका गेल्यावर मायने ती आंब्यांची टोपली उचलली, उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली आणि हात राखेने घासून धुतले.

दादाने मसुदा केला, मी तो चांगल्या कागदावर उतरवला. त्याने शब्द न् शब्द ताडून पाहिला आणि म्हणाला, झकास. तो वर्गाला गेला. घरात दुपारची सामसूम होती. मी दुसरा कागद घेतला. पहिल्या कागदावर शाईचा थेंब पडला म्हणून पुन्हा लिहिला, असं सांगायचं मी आधीच ठरवलं होतं. थेंबही मीच पाडला. सगळा मजकूर तोच ठेवला. शेवटी, सहीच्या वर, एक वाक्य वाढवलं. त्याचा अर्थ असा: कापसाच्या सौद्यात मी या मुलाच्या वडिलांच्या हातात पाच बोटं दाबली होती, ते खरं बोलले आणि मी देवासमोर खोटी शपथ घेतली. ते वाक्य जुळवायला मला अख्खी दुपार लागली. माझ्या आयुष्यातलं इंग्रजीतलं पहिलं स्वतःचं वाक्य ते. त्याआधी मी फक्त नकला केल्या होत्या. संध्याकाळी दादाला डाग पडलेला कागद दाखवला, दुसरा घडी करून दिला. परीक्षेच्या घाईत त्याने तो पुन्हा ताडला नाही.

सहीच्या दिवशी मी दादाबरोबर गेले. काकूने मला आत बोलावून हातावर बेसनाचा लाडू ठेवला. तो हातात तसाच धरून मी दाराच्या फटीतून पाहत उभी राहिले. गादीवर सात-आठ माणसं होती, अडतीचे, वखारीचे. दादा वाकला आणि त्याने काकाच्या पायांवर डोकं ठेवलं. काकाने त्याला लगेच उठवलं नाही. सगळ्यांनी पुरतं पाहीपर्यंत तो थांबला, मग पाठीवर थाप मारली. दादा म्हणाला, "काका, मजकूर सांगतो. यात लिहिलं हाय का मी..." काकाने हात झटकला. "मले त्या इंग्रजी मुंग्यायतलं काय समजते? चांगलंच लिहिलं असशीन. कोठी सही करू थे सांग." आणि त्याने मोडीत झोकदार सही केली. मी मुठीतला लाडू दाबला, त्याचा चुरा झाला. मला इतका आनंद त्याआधी झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही फार वेळा झाला नाही.

अकोल्याला आमची आत्या होती. सरगुंडे करायला माणूस हवं म्हणून तिने मला बोलावलं होतं, त्यामुळे दादासोबत मीही निघाले. दमणीतून, बैलांच्या हलक्या गाडीतून, दोन मुक्काम. वाटेत रेल्वेचा बांध घालणारे बेलदार दिसले, गाढवांच्या रांगाच्या रांगा. दादा दमणीतही पुटपुटत होता. मी सांगणार होते. दर मुक्कामाला वाटायचं, आता सांगावं. पण माझ्या डोक्यात चित्र असं होतं, की साहेब कागद वाचेल, टेबलावर मूठ आपटेल, शिपाई अमरावतीला धावतील आणि काकाला धरून आणतील. कायदा मी उतरवला होता, कचेरी पाहिली नव्हती.

अकोल्यात शिरल्यावर दादा आधी कचेरीतच गेला. दमणी व्हरांड्यालगत कडुनिंबाखाली उभी केली, मी आत बसून पडद्याआडून पाहत होते. व्हरांड्यात अर्ज तपासणारे शिरस्तेदार बसले होते, समोर दहा-बारा उमेदवार, त्यांची माणसं, काही पक्षकार. शिरस्तेदार गमतीचे गृहस्थ होते. एकेकाचा दाखला मोठ्याने वाचायचे आणि लोकांसाठी मराठीत सांगायचे. "हे वऱ्हाडातले हरिश्चंद्र, बरं का! पुढचे कोण?" असं चाललं होतं. दादाचा कागद हाती आला. ते वाचू लागले, मराठी सांगू लागले, आणि शेवटच्या वाक्यावर त्यांचा आवाज आपोआप सावकाश झाला. "...ते खरं बोलले आणि मी देवासमोर खोटी शपथ घेतली." शिरस्तेदारांनी चष्मा काढला. "हे सही करणाऱ्याला वाचून दाखवलं होतं का?"

दादाने फक्त हो म्हणायचं होतं. ज्या वाक्यासाठी तो दोन वर्षं उन्हात येरझारा घालत होता, ते त्याच्या पुढ्यात कागदावर पडलं होतं, आणि खाली सही होती. मी पडद्याची कड दातात धरली होती. म्हण, म्हण, हो म्हण.

"नाही," दादा म्हणाला. "वाचून दाखवलं नव्हतं. हे वाक्य मलाच आत्ता समजतं आहे."

"मग लिहिलं कोणी?"

"मसुदा माझा. कागद माझ्या घरातून आला. जबाबदारी माझी."

शिरस्तेदारांनी चष्मा पुन्हा चढवला. मग ते हळू म्हणाले, "तुम्ही विचारल्यावर खोटं बोलला नाहीत, म्हणून मी हे पुढे नेत नाही. पण हा दाखला नाही. आणि दुसरा दाखला नाही, म्हणजे यंदा परीक्षा नाही." त्यांनी कागदावर आडवी रेघ मारून तो परत दिला.

आत्याच्या घरी दादा विहिरीवर गेला, डोक्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि ओल्या अंगाने माझ्यासमोर येऊन बसला. मला वाटलं, मारेल. त्याने मारलं नाही. तो म्हणाला, "काकानं रुमालाखाली केलं, तूनं इंग्रजीखाली केलं."

"त्यानं खोटं दाबलं," मी म्हणाले. "म्या खरं लिहिलं."

"हात दुसऱ्याचा होता, यमुने."

दादाचं ते वर्ष माझ्यामुळे गेलं, आणि त्याबद्दल मी त्याची माफी मागितली ती तो म्हातारा झाल्यावर. तेव्हा तो म्हणाला, कोणतं वर्ष? पण त्याला आठवत होतं.

आम्ही आत्याकडे पंधरा दिवस राहिलो. तोवर व्हरांड्यातली गोष्ट कापसाच्या गाड्यांबरोबर अमरावतीला पोचली होती. घरी आलो तेव्हा माळणीने उंबऱ्यावरच पाटी उतरवून सांगितलं. बाजारात लोकांनी काकाला विचारलं, शेठ, असं लिहून दिलं काय? काका ओरडला, "मले वाचूनच नाई दाखवलं! फसवून सही घेतली!" तेव्हा अंजनगावकडचा एक म्हातारा शेतकरी, गाडीवर बसल्या बसल्या म्हणाला, "न वाचता हात देता व्हय शेठ? मंग आमचा हात तुमच्या रुमालाखाली कोन देईन?" अख्खा बाजार हसला. आणि काकाला त्यातून सुटका नव्हती. वाचून सही केली म्हणावं तर खोटी शपथ कबूल. न वाचता केली म्हणावं तर दलालाचा हातच बेभरवशाचा. त्या हंगामात शेतकरी त्याच्या गादीवरून पुढे जाऊ लागले. सांगताना माळीण हसत होती आणि माय तिच्याकडून नको असलेल्या भेंड्याही घेत होती. मी आत जाऊन देवापुढे बसले आणि हात जोडले. लाज नव्हती वाटत. आजही वाटत नाही.

मग एका सकाळी काका आला. एकटा, रिकाम्या हाताने. आबांसमोर घोंगडीवर बसला. माय आत चुलीपाशी होती, तिने पाहिलं, पण उठली नाही. आमच्याकडे दारात आलेल्या भिकाऱ्यालाही आधी पाणी देतात. त्या दिवशी मायने काकाला पाणी दिलं नाही. मी दाराआड उभी होते, आणि माझे एकोणीस प्रश्न मला तोंडपाठ होते. मग काकाने खांद्यावरचा रुमाल काढला, आबांचा उजवा हात उपरण्याखालून ओढून आपल्या हातात घेतला आणि वरून रुमाल टाकला. रुमाल हलला. क्षणभरच. आबांनी मान हलवली. काका उठला, पायताण घातलं आणि गेला.

आबा मायला म्हणाले, "पानी काहून नाई देल्लं?"

माय म्हणाली, "सरलं होतं." रांजण काठोकाठ भरलेला होता.

मी आबांपुढे जाऊन बसले आणि विचारलं, किती? त्यांनी माझा हात घेतला, आपलं उपरणं त्यावर टाकलं आणि दाबलं. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. पाच. त्यांचे डोळे मिटलेले होते. त्या दिवसानंतर त्यांचं उपरणं हललं नाही. ते पुन्हा शेतावर जाऊ लागले. दादाला त्यांनी शपथ घातली, की वकील झाल्यावर रघूवर दावा करायचा नाही. दादा पुढच्या वर्षी पास झाला. दाखला त्याला अकोल्याच्या त्याच शिरस्तेदारांनी दिला. शपथ त्याने पाळली. काळा झगा घालून तो कचेरीत शेकडो वेळा उभा राहिला, पण पिंजऱ्यात रघूकाका कधी आला नाही. माझे एकोणीस प्रश्न वहीतच राहिले.

आबांना ती पाच बोटं पुरली. दोघांचं मिटलं. बाजारही विसरला, दोन हंगामांनी काकाच्या गादीवर पुन्हा माणसं बसू लागली. तो भरल्या घरात गेला, आणि त्याच्या तेराव्याला लोक म्हणाले, शब्दाचा पक्का माणूस होता. मी तेव्हा माहेरी आलेली होते. पंगतीत वाढत होते. हातातलं पातेलं मी खाली ठेवलं आणि ओट्यावर जाऊन उभी राहिले. आबा आले आणि म्हणाले, "सोड आता." मी सोडलं नाही. जे पाप चव्हाट्यावर केलं, त्याची कबुली रुमालाखाली का? बेलभंडार उचलला तो सगळ्यांना दिसला. पाच बोटं फक्त आबांना. हा हिशेब मला आयुष्यभर खटकत आला आहे. आबा माझ्याहून मोठे होते, म्हणून त्यांना क्षमा करता आली. मी फक्त नीटनेटकी आहे.

म्हणून हे लिहिलं. रुमाल न टाकता, आणि इंग्रजीतही नाही, आपल्या भाषेत, म्हणजे तुमच्या आईला, तुम्हाला, रंगूनच्या शेजाऱ्यांना, ज्याला वाचता येईल त्या प्रत्येकाला कळेल. रघूकाकाने माझ्या वडिलांच्या हातात पाच बोटं दाबली आणि देवासमोर चार सांगितली. मजकूर माझा आहे, अक्षर माझं आहे, हातही माझाच. मी हे दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं, आणि मगच खाली सही करते आहे.

यमुना